रोजचे अर्धे पान

दर आठवड्याला या पानावर आपली गाठ पडते ती उभ्या उभ्या. कोणी चहाचा घोट घेता घेता हे पान चाळतो, कोणी गाडीत, कोणी दुपारी घर शांत झाल्यावर. दिवाळी अंकाची गोष्ट वेगळी. इथे फराळाचे ताट पुढे असते, मंडळी घरात असतात आणि गप्पांना घड्याळ नसते. म्हणून एरवी राखून ठेवलेली घरची एक हकीकत आज सांगणार आहे. ती सांगताना माझी थोडी फजिती होईल. पण सणासुदीला घरच्या कर्त्या पुरुषाची फजिती झाली तर कोणाचे काही बिघडत नाही. उलट फराळाला चव येते.

निमित्त झाले आमच्या नातवाचे. त्याचे हे बारावीचे वर्ष. गेल्या महिन्यात त्याने अभ्यासाचे वेळापत्रक तयार केले आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. काय सुंदर रकाने! निळा रंग भौतिकशास्त्राचा, हिरवा रसायनशास्त्राचा, तांबडा गणिताचा. पहाटे साडेचारला उठायचे, रात्री साडेदहाला झोपायचे. मधल्या अठरा तासांत चौदा तास अभ्यास. जेवणाला पंधरा मिनिटे.

"आजोबा, कसं झालंय?"

"सुरेख! केव्हापासून सुरू?"

"पाडव्यापासून."

त्याच्या तोंडून 'पाडव्यापासून' हा शब्द निघाला मात्र, स्वयंपाकघरातून हसू ऐकू आले. आमची सौ. एरवी मोठ्याने हसत नाही. पण हा शब्द तिने पन्नास वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शूर पुरुषाच्या तोंडून ऐकला होता.

पुठ्ठ्यावरचे वेळापत्रक

तो शूर पुरुष म्हणजे मी.

गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत आम्ही सात माणसे राहत होतो. १९६९ साली मला बँकेत कारकुनाची नोकरी लागली. त्या काळी बँकेतल्या माणसाच्या पुढे एक डोंगर असे. सीएआयआयबी नावाची परीक्षा. तिचे दोन भाग. दोन्ही सर केले की पगारात वाढ मिळे आणि पुढे अधिकारी होण्याची वाट सुकर होई. माझ्या टेबलाशेजारचे दोघे ती पास झाले होते. मी त्यांच्यापेक्षा काही कमी नव्हतो, असे निदान माझे मत होते.

म्हणून दर दिवाळीला मी एक पांढरा पुठ्ठा आणी. तांबड्या-निळ्या पेन्सिलीने त्यावर वेळापत्रक आखी. पहाटे साडेचारला उठणे, पंचवीस सूर्यनमस्कार, साडेसहापर्यंत हिशेबशास्त्र, रात्री नऊ ते अकरा बँकिंगचा कायदा. सर्वांत वर ठळक अक्षरांत 'आजपासून' असे लिहिलेले असे. पुठ्ठा देवघराशेजारी लागे. पाडव्याला मी साडेचारला उठत असे. भाऊबिजेला पाहुणे असत. त्यानंतर दोन-तीन दिवस पुन्हा जोर येई. मग एखाद्या दिवशी कचेरीत हिशेब जुळला नाही म्हणून रात्री घरी यायला उशीर होई, दुसऱ्या दिवशी साडेचारला डोळा उघडत नसे आणि एक नमस्कार चुकला म्हणून चोवीसही राहत. तुळशीच्या लग्नापर्यंत पुठ्ठा वाऱ्याने फडफडू लागे. माझी आई तो काढून पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवी. "चांगला जाड आहे हो यंदाचा," असे वर म्हणे.

१९७४ साली माझे लग्न झाले आणि चारच वर्षांत आम्ही डोंबिवलीला बिऱ्हाड हलवले. पुठ्ठ्याची प्रथाही बरोबर आली. या काळात परीक्षेचा पहिला भाग मी कसाबसा पार केला, दुसऱ्यात तीनदा आपटलो. दर वेळी माझे निदान एकच असे: जोर कमी पडला! मग पुढल्या पुठ्ठ्यावर साडेचारचे चार होत.

कुकरच्या तीन शिट्ट्या

आमची सौ. लग्नाच्या वेळी मॅट्रिक झालेली होती. पुढे शिकायची तिची इच्छा होती, पण तिच्या पाठीवर तीन भावंडे होती आणि वडिलांचा पगार एक होता. १९७९ मध्ये शेजारच्या एका बाईंकडून तिला समजले की एस. एन. डी. टी. विद्यापीठाच्या परीक्षेला गृहिणींना घरी अभ्यास करून बाहेरून बसता येते. तिने मला विचारले. मी म्हणालो, "बस की. पण वेळ कुठून काढणार? माझ्यासारख्याला वेळ पुरत नाही!"

हे वाक्य मी खरोखर उच्चारले होते. तेव्हा त्यात मला काही चुकीचे वाटले नव्हते, म्हणून ते इथे लिहून ठेवतो.

तिने पुठ्ठा आणला नाही. एक दोनशेपानी वही आणली. संध्याकाळी साडेसातला कुकर लावला की शिट्ट्या होऊन वाफ जिरेपर्यंत पंचवीस-तीस मिनिटे जातात. तेवढा वेळ ती ओट्याजवळच्या स्टुलावर बसे. पुस्तकाचे पान-दीड पान वाची आणि वाचलेले आपल्या शब्दांत वहीत लिही. किती? अर्धे पान. कुकर उघडायची वेळ झाली की वही मिटून डब्यांच्या फळीवर ठेवी. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचा हिशेब असे. त्या दिवसाच्या चौकोनात दुधाच्या आकड्याशेजारी पेन्सिलीने एक बारीक ठिपका देई. बस्स. मुले लहान, सासूबाई घरात, पाहुण्यांची वर्दळ. यातले काही थांबले नाही, आणि ठिपकेही थांबले नाहीत.

मला मौज वाटे. मी मित्रांना सांगे, "आमच्याकडे वरण आणि इतिहास एकाच वेळी शिजतो!"

काणे यांच्या ग्रंथाचे त्रैराशिक

अर्ध्या पानाला हसणाऱ्या माझ्यासारख्याने एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मी तो फार उशिरा केला.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचे नाव आपण ऐकले असेलच. कोकणातला हा माणूस मुंबईत वकिली करी आणि राही आमच्याच गिरगावात. १९२६ साली त्यांनी 'व्यवहारमयूख' या संस्कृत ग्रंथाची आवृत्ती काढली. तिला जोडायला धर्मशास्त्राच्या इतिहासाचा एक प्रास्ताविक भाग लिहावा, असे त्यांच्या मनात होते. तो भाग वाढू लागला. इतका वाढला की त्याचा स्वतंत्र ग्रंथ करावा लागला. 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' या इंग्रजी ग्रंथाचा पहिला खंड १९३० मध्ये निघाला आणि पाचवा पुरा झाला १९६२ मध्ये. तेव्हा काण्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. मधल्या काळात वकिली होती, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद होते, राज्यसभेचे सदस्यत्व होते आणि पोटाचे जुनाट दुखणेही होते. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळाले.

या ग्रंथाची पाने साडेसहा हजारांहून अधिक. आकडा ऐकूनच छाती दडपते. आता भागाकार करा. १९२६ ते १९६२ ही छत्तीस वर्षे, म्हणजे सुमारे तेरा हजार दिवस. साडेसहा हजार पाने भागिले तेरा हजार दिवस. उत्तर येते, रोजचे अर्धे पान!

अर्थात, त्यातल्या एकेका ओळीमागे किती पोथ्या चाळलेल्या असतील याचा हिशेब कोणी करू शकणार नाही. ती विद्वत्ता कुकरच्या शिट्ट्यांवर मिळत नाही. परंतु विद्वत्ता असूनही ज्यांच्या हातून एक खंडसुद्धा झाला नाही, असे लोक काय थोडे आहेत? काण्यांच्या ठिकाणी विद्वत्ता होती आणि तिला रोजच्या रोज कामाला बसवण्याची सवयही होती. विद्वत्ता आपल्या हाती नाही. दुसरी गोष्ट मात्र तुमच्या-माझ्या आवाक्यातली आहे.

शंभर मैल आणि चार मैल

ज्या विद्यापीठाच्या परीक्षेला आमची सौ. बसली, ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केले. कर्व्यांच्या आयुष्यात पायी चालण्याचे दोन प्रसंग आहेत. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की माझा मुद्दा स्पष्ट होईल.

पहिला प्रसंग १८७५ सालचा. मुरूडचा सतरा वर्षांचा धोंडू सहावीच्या परीक्षेसाठी साताऱ्याला निघाला. पावसाळ्याचे दिवस, सह्याद्रीचा घाट, शंभराहून अधिक मैलांचे अंतर. सोबत्यांबरोबर तो चालत गेला. साताऱ्याला पोहोचल्यावर परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिले आणि वय फार लहान दिसते म्हणून परीक्षेलाच बसू दिले नाही. एवढा मोठा पराक्रम, पण पदरी काही पडले नाही.

दुसरा प्रसंग पंचवीस वर्षांनंतरचा. कर्वे तेव्हा पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. १९०० साली त्यांनी आपला विधवांसाठीचा आश्रम गावाबाहेर हिंगण्याला एका झोपडीत हलवला. रस्ता धड नव्हता, वाहन परवडत नव्हते. कॉलेजचे काम आटोपले की कर्वे हिंगण्याला पायी जात, तिथे शिकवीत आणि पुन्हा परत येत. सुमारे चार मैलांची वाट. उन्हात, चिखलात, रोज. या चालण्यात कसलाही पराक्रम नव्हता. त्याचे कोणी चित्र काढले नसते. पण हिंगण्याची संस्था उभी राहिली ती या रोजच्या चार मैलांवर. पुढे तिच्या अनुभवावर विद्यापीठ झाले, आणि ऐंशी वर्षांनी डोंबिवलीतली एक गृहिणी ओट्याजवळ बसून त्याच विद्यापीठाचा अभ्यास करीत होती.

शंभर मैल एकदा चालायला धाडस लागते. चार मैल रोज चालायला धाडस लागत नाही. काल गेलो म्हणून आजही जायचे, एवढे पुरते. वय झाले तरी कर्व्यांचे हे थांबले नाही. १९५८ साली, शंभरीच्या वर्षी, त्यांना भारतरत्न देण्यात आले. १९६२ मध्ये वयाच्या एकशे पाचव्या वर्षी ते गेले.

पाच पौंडांचा माणूस

याच शाळेतला एक साहेबही आहे. अँथनी ट्रॉलप. एकोणिसाव्या शतकातला हा इंग्रज कादंबरीकार पेशाने पोस्टखात्यातला नोकर. खेड्यापाड्यांची टपाल तपासत फिरण्याचे काम त्याने वर्षानुवर्षे केले. रोज पहाटे साडेपाचला तो लिहिण्याच्या टेबलाशी बसे. पहिला अर्धा तास काल लिहिलेले वाचण्यात जाई. नंतर घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द. तीन तास झाले की लेखणी खाली ठेवायची आणि कपडे करून न्याहारीला जायचे. अशा रीतीने त्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि ही पद्धत जगाला कळली, तेव्हा रसिक मंडळी नाराज झाली. कारकुनासारखा मोजून मापून लिहिणारा हा कसला प्रतिभावंत, असे त्यांना वाटले. आम्हा कारकुनांना मात्र तो फार जवळचा वाटतो!

पण या आत्मचरित्रात एक लहानशी गोष्ट आहे, आणि माझी फजिती तिथेच सुरू होते. ट्रॉलपला पहाटे उठवून कॉफी आणून देण्यासाठी एक म्हातारा नोकर होता. त्या कामाबद्दल त्याला वर्षाला पाच पौंड जास्त मिळत. ट्रॉलपने प्रांजळपणे म्हटले आहे की, आपल्या यशात इतर कोणाहीपेक्षा या माणसाचा वाटा मोठा मानायला हवा. कारण मालक साडेपाचला बसे, तर नोकर त्याच्याही आधी उठे.

माझ्या पुठ्ठ्यावर 'साडेचारला उठणे' असे असे. पण साडेचारला माझा चहा कोण करी, हे त्या पुठ्ठ्यावर कुठेही लिहिलेले नव्हते. तुमच्या घरच्या वेळापत्रकात ते लिहिलेले आहे का, हे एकदा पाहा.

रिकामे चौकोन

१९८३ च्या पावसाळ्यात माझी आई न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली आणि नंतर पाच महिने ती अंथरुणाला खिळून होती. तिचे सगळे सौ.च करी. अंग पुसणे, कूस बदलणे, रात्री दोनदा उठणे. मी कचेरीतून येऊन आईची विचारपूस करी आणि दिवसभर दमलो म्हणून आडवा होई. एके रात्री मी उदारपणे म्हणालो, "यंदा तुझी परीक्षा राहू दे. एवढं काय अडलंय?" ती काही बोलली नाही. मला वाटले, तिला पटले.

महिनाअखेरीस दूधवाल्याचे बिल आले. आकडा जास्त वाटला म्हणून मी कालनिर्णय खाली काढले आणि चौकोन मोजू लागलो. दुधाच्या आकड्यांशेजारी ठिपके होते. मी मागचे पान उलटले. शस्त्रक्रियेच्या आठवड्यातले पाच चौकोन रिकामे होते. सहाव्या दिवशी ठिपका होता. मग सलग आठ, मग एक चौकोन रिकामा, मग पुन्हा ठिपके. आईला ताप आला होता त्या दिवशीही ठिपका होता. मी फळीवरची वही काढली. हाताला लागली ती चौथी वही होती. कुठे अर्धे पान, कुठे चारच ओळी, एका ठिकाणी तर एकच ओळ आणि पुढे पेन ओघळलेले. झोप लागली असावी.

मी वही हातात घेऊन उभा होतो. आईने कॉटवरून पाहिले आणि म्हणाली, "ठेव ती जागेवर. रात्री मला झोप नसते, तेव्हा ती मोठ्यानं वाचते. मी ऐकते. मला चौथीनंतरचं सगळं आत्ताच कळतंय." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "तुझे पुठ्ठे मी पिठावर झाकले रे. हिची वही झाकू नकोस. साडेसातला घरी असतोस ना? मला पाणी तू देत जा."

आयुष्यात तीन वेळा परीक्षेत नापास झालो, पण त्या संध्याकाळी जितके वाईट वाटले तितके एकदाही वाटले नव्हते. मी पाच वर्षे एका माणसाच्या अर्ध्या तासावर विनोद करीत होतो, आणि तो अर्धा तास तिने माझ्याच सगळ्या तासांखालून खणून काढला होता.

दुसऱ्या दिवसापासून साडेसात ते आठ आईजवळ मी बसू लागलो. कुकर लावायलाही शिकलो. पहिल्या दिवशी पाणी घालायला विसरलो, ती कथा पुन्हा केव्हा तरी.

सौ. १९८६ मध्ये बी. ए. झाली. सात वर्षांत सहा वह्या भरल्या होत्या. दुसरा वर्ग मिळाला. निकाल ऐकायला आई होती, हे आमचे भाग्य. पुढे ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम करून ती एका ग्रंथालयात नोकरीला लागली. घराच्या कर्जाचे शेवटच्या काही वर्षांचे हप्ते तिच्या पगारातून गेले.

आणि माझे काय झाले? तिनेच एके दिवशी म्हटले, "अहो, पुठ्ठा राहू दे. डोंबिवलीहून सुटणारी गाडी धरता, बसायला जागा मिळते. ठाणं येईपर्यंत दोन पानं वाचा. ठाण्यानंतर खुशाल पत्ते खेळा." मी तसे केले. गाडी हलली की पुस्तक उघडायचे, ठाण्याला मिटायचे. दीड वर्षाने, १९८७ मध्ये, दुसरा भाग पास झालो. पहाटे साडेचारला एकदाही उठलो नाही.

असे का होते?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवयींचा एक अभ्यास केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. ९६ माणसांना रोज एक लहानशी गोष्ट एका ठराविक वेळी करायला सांगितले. जेवणाबरोबर एक फळ खाणे, रात्रीच्या जेवणाआधी पाव तास पळणे, अशा गोष्टी. बारा आठवडे रोज नोंद ठेवली. ती गोष्ट आपोआप हातून होऊ लागायला साधारण सहासष्ट दिवस लागतात, असे दिसले. पण माणसामाणसांत फरक केवढा! कोणाला अठरा दिवस पुरले, तर कोणाला दोनशे चोपन्न लागतील असा हिशेब निघाला. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे, मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात विशेष खंड पडत नाही, असेही त्यांना आढळले.

हे वाचले तेव्हा मला ते पाच रिकामे चौकोन आठवले. एक सूर्यनमस्कार चुकला म्हणून मी चोवीस सोडत होतो. पाच दिवस चुकले तरी तिने सहावा सोडला नाही. आमच्या दोघांच्या स्वभावात एवढाच फरक होता. तो जोराचा नव्हता.

तिच्या नेमात तीन गोष्टी होत्या, असे आता मला दिसते. पहिली म्हणजे नेम लहान होता. इतका लहान की घरातल्या सर्वांत वाईट दिवशीही तो पाळता यावा. आपण नेम ठरवतो तो सर्वांत चांगल्या दिवसाच्या मापाने, आणि आयुष्यात तसे दिवस थोडे येतात. दुसरी म्हणजे नेमाला खुंटी होती. कुकर रोज लागणारच, त्यामुळे वही रोज आठवणारच. 'वेळ मिळेल तेव्हा' ही खुंटी नव्हे; तिच्यावर टांगलेले सगळे खाली पडते. तिसरी म्हणजे ठिपका. तो दुसऱ्या कोणाला दाखवण्यासाठी नव्हता. आपण आपल्याला दिलेला शब्द पाळला, एवढीच त्याची नोंद.

चौथी गोष्ट तिच्या हाती नव्हती, घरच्यांच्या हाती होती. एकाचा नेम दुसऱ्याने जपावा लागतो. मुलाच्या अभ्यासासाठी आपण दूरदर्शन संच बंद करतो, पुरुषाच्या व्यायामासाठी चहा वेळेवर होतो. मग घरातल्या बाईच्या अर्ध्या तासासाठी कोणी उठून कुकर बंद का करू नये? मला हे कळायला पाच वर्षे आणि आईचे खुब्याचे हाड लागले. तुम्हाला तेवढी किंमत पडू नये, म्हणून हा लेख.

यंदाचा पाडवा

आता पुन्हा नातवाकडे येतो. सौ. हात पुसत बाहेर आली. वेळापत्रक तिने पाहिले, रंगांचे कौतुक केले आणि विचारले, "यातली कुठली गोष्ट तू ताप आला असतानाही करशील?"

तो विचारात पडला. शेवटी म्हणाला, "गणिताची दोन उदाहरणं करीन."

"मग तेवढी रोज कर. बाकीचं जमेल तसं. कधी करशील?"

"आंघोळ झाली की लगेच."

त्याचे पाडव्यापर्यंत थांबणेही तिने मान्य केले नाही. दुसऱ्या दिवसापासूनच सुरुवात झाली. मोबाइलवरचे रकाने अजून तसेच आहेत, पण त्याने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर जागा मागून घेतली आहे. तिथे आता दोन प्रकारचे ठिपके असतात. निळा त्याचा. पेन्सिलीचा आजीचा. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून डॉक्टरांनी सांगितलेला पायाचा व्यायाम ती रोज दहा वेळा करते. दहाच वेळा. गेल्या आठवड्यात नातवाचा एक चौकोन रिकामा राहिला. तो खट्टू होऊन बसला होता. आजीने त्याला जवळ बोलावले आणि एवढेच म्हणाली, "उद्याचा आहे ना मोकळा?"

वाचकहो, या पाडव्याला तुम्हीही काही संकल्प केला असेल किंवा करणार असाल. मोठा असेल तर असू द्या. फक्त त्यातले अर्धे पान वेगळे काढा, त्याला घरातली एखादी खुंटी शोधा, आणि कार्तिक सरला की कॅलेंडरचे चौकोन मोजा. आणि एक करा. आपल्या घरात आणखी कोणाची वही फळीवर पडून आहे का, तेही पाहा.

साडेसात वाजत आले. सौ. पाय उचलून मोजायला बसली आहे. कुकर मी लावायचा आहे. ही दिवाळी आपणा सर्वांना सुखाची जावो!